सायकलीची कहाणी आणि आपली जुनी सायकल

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत सायकलीवर लेख पाहून भगिनींना नवल वाटेल. पण शाळा दूर म्हणून मुलीचे शिक्षण थांबावे आणि त्याच घरात भावाची जुनी सायकल गंजत पडावी, हे काही बरे नाही. ती दुरुस्त करण्यापूर्वी तिची कहाणी ऐकावी. तिचा एकेक भाग कुठली तरी अडचण दूर करण्यासाठीच आला आहे.

जर्मनीतील कार्ल ड्राइस यांनी १८१७ साली दोन लाकडी चाकांची गाडी केली. तिला पेडल नव्हते. पायांनी जमीन रेटीत जायचे. पेडल आले ते १८६० नंतर, फ्रान्समध्ये, तेही पुढच्या चाकाला. वेग वाढावा म्हणून मग पुढचे चाक फारच उंच झाले आणि दगड लागला की स्वार डोक्यावर आपटू लागला. १८८५ साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली यांनी जवळपास सारखी चाके घेऊन चेनने मागचे चाक फिरविले. या जातीच्या सायकलीला नावच 'सेफ्टी' पडले.

बेलफास्टचे पशुवैद्य डनलॉप यांनी १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. परंतु टायर चिकटविलेला असल्याने पंक्चर काढणे जिकिरीचे होई. १८९१ साली फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी सहज निघणारा टायर आणला. म्हणूनच आज घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुड्यांवरून भोक शोधता येते.

पुढे स्त्रियांसाठी खाली वाकविलेला दांडा, चेनवर झाकण आणि मागच्या चाकाला जाळी आली. हे घोळदार झग्यांसाठी होते. आपल्या साडीलाही तेच उपयोगी पडले. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता चळवळीत खेड्यांतल्या हजारो बायका सायकल शिकल्या.

आता आपली जुनी सायकल. चाक उचलून फिरवावे; वाकडे फिरले तर तारा आवळून घ्याव्यात. ब्रेकचे रबर झिजले असल्यास बदलावे. ते रिमला लागावे, टायरला नव्हे. चेन पुसून तेल द्यावे, सैल असल्यास ताणून घ्यावी. टायरला भेगा असतील तर काटकसर न करता नवा घ्यावा. पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल हलवावे. ते एकटेच वळले तर नट कसावा. शिकणारीचे चवडे जमिनीला टेकतील इतकीच सीट उंच ठेवावी.

रस्त्यावर डावी बाजू सोडू नये. वळण्यापूर्वी मागे पाहून हात दाखवावा. पदर, ओढणी खोचलेली असावी. रात्री पुढे दिवा व मागे लाल काच हवीच. दोन्ही ब्रेक बेताने लावावेत; पुढचाच करकचून दाबला तर त्या उंच चाकाच्या स्वारासारखी आपली गत व्हायची.

भगिनींनो, कोणाच्या माळ्यावर सायकल पडून असेल तर ती यंदा खाली काढा. जिची शाळा लांब आहे अशी मुलगी आपल्याच आळीत सापडेल.