सात खेळाडूंची रग्बी आणि महाराष्ट्र : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रतापगड परिसरातील विद्यार्थ्यांना कबड्डी नवीन नाही. रग्बीचे नाव मात्र क्वचितच परिचित असते. वास्तविक दोन्ही खेळ प्रतिस्पर्ध्याला अंगबळाने अडविण्याचे, आणि रग्बीच्या 'सेव्हन्स' या प्रकारात मैदानावरील खेळाडूही कबड्डीप्रमाणेच सात. असे असता दीड शतक भारतात असलेला हा खेळ जिमखान्यांपुरता का राहिला आणि पुढे त्याबाहेर कसा आला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कलकत्त्याच्या युरोपीय क्लबने १८७८ मध्ये विसर्जित होताना खात्यातील चांदीचे रुपये वितळवून चषक घडविला. नागाच्या आकाराच्या मुठी असलेल्या या 'कलकत्ता कप'साठी इंग्लंड व स्कॉटलंड आजही खेळतात. चषक विलायतेला गेला. खेळ येथे राहिला, पण गोऱ्यांच्या वर्तुळात. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्यात स्वातंत्र्यपूर्व काळात भारतीयांना सदस्यत्व नव्हते. स्वातंत्र्यानंतर दारे उघडली. तथापि एका सामन्यासाठी तीस खेळाडू आणि हिरवळीचे विस्तीर्ण मैदान ही अट कायम राहिली. भारतीय राष्ट्रीय संघ प्रथम आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला तो १९९८ मध्ये. मुंबईचे अभिनेते राहुल बोस त्या संघात होते.

सेव्हन्सचा उगम निराळा आहे. स्कॉटलंडमधील मेलरोझ येथे १८८३ मध्ये नेड हेग या खाटकाने क्लबसाठी निधी जमविण्याकरिता ही युक्ती सुचविली. मैदान तेवढेच, खेळाडू निम्म्याहून कमी आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. त्यामुळे एका दिवसात अनेक सामने होतात. पंधरा तयार खेळाडू उभे करणे ज्यांना जड जाते, त्या देशांना सात जण परवडतात. दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या फिजीने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला ४३-७ असे नमवून आपले पहिलेच ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण, मिळविले.

भारतात या प्रकाराला व्यासपीठ मिळाले ते २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत. अंतिम सामन्यात न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाचा २४-१७ असा पराभव केला. भारत यजमान म्हणून सहभागी होता. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची घटना ऑक्टोबर २०१२ मधील आहे. मॉस्को येथील २०१३ च्या विश्वचषकासाठी महिलांची आशियाई पात्रता स्पर्धा पुण्यात झाली. जपान व चीन पात्र ठरले, भारत नाही. मात्र ज्या खेळाची ओळख पुरुषांचा क्लब अशी होती, त्यात महिलांचे राष्ट्रीय संघ महाराष्ट्राच्या भूमीवर परस्परांना भिडले. पुण्याच्याच डॉ. वाहबिझ भरुचा यांनी पुढे भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले.

ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांखालील आशियाई सेव्हन्स स्पर्धा बिहारमधील राजगीर येथे झाली व तीत भारतीय मुलींनी कांस्यपदक मिळविले. राजगीरला जिमखान्याची परंपरा नाही.