'खूबसूरत' घरातली भांडी कोण घासतं?

आमच्या अभ्यासवर्गातल्या मुलींनी हट्ट धरला. ताई, दर वेळी अत्याचार, मोर्चे, खटले. एकदा तरी हसवणारा सिनेमा दाखवा. मग एका रविवारी विहारात हृषिकेश मुखर्जींचा 'खूबसूरत' लावला. पोरी पोट धरून हसल्या, मीही हसले. सिनेमा संपला, दिवे लागले, तशी नववीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, त्या घरात एवढी माणसं आहेत, मग भांडी कोण घासतं?" तिची आई चार घरची धुणीभांडी करते. समाजशास्त्राचं एम.ए. करूनही मला हा प्रश्न कधी पडला नव्हता, हे कबूल करते.

चित्रपट १९८० चा. संवाद गुलजारांचे, संगीत आर. डी. बर्मन यांचं. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला आणि रेखाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. निर्मला गुप्ता, म्हणजे दीना पाठक, घर घड्याळावर चालवते. नवरा, चार मुलं, सुना सगळे तिला वचकून. दुसऱ्या सुनेची धाकटी बहीण मंजू पाहुणी म्हणून येते आणि घरात हशा, गाणी, नाटक सुरू करते. मोठी सून एके काळी नाचत असे. ती दार लावून पुन्हा पायांत घुंगरू बांधते. शशिकला या नटीला आपण बहुतेक खाष्ट भूमिकांतच पाहिलेलं, त्यामुळे तो प्रसंग जास्तच भिडतो. हुकूमशाहीची टिंगल करणारं नाटुकलं रंगतं, ते नेमकं निर्मला पाहते आणि दुखावते. आणीबाणी उठून तीनच वर्षं झाली होती; प्रेक्षकाला इशारा कळायला अडचण नव्हती.

पण मित्रांनो, या घरातली हुकूमशहा बाई का आहे? अशोक कुमारांचा द्वारकाप्रसाद गोड माणूस आहे, बायकोला घाबरतो, बागेत रमतो. त्याला कधी कडक व्हावंच लागत नाही, कारण त्याची मालकी कोणी विचारतच नाही. निर्मलेकडे आहे ते जेवणाच्या वेळांचं राज्य. घर, पैसा, वारसा यांचे नियम तिने केलेले नाहीत. ते नियम बदलायला निघालेले कायदामंत्री बाबासाहेब होते आणि हिंदू कोड बिल रोखून धरलं गेलं म्हणून, इतर कारणांसोबत, त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये तेच बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झालं. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या स्वकष्टार्जित संपत्तीत हिस्सा दिला, पण संयुक्त कुटुंबाच्या मालमत्तेत जन्माने हक्क मुलालाच राहिला. तो हक्क मुलीला महाराष्ट्रात १९९४ ला मिळाला, देशभरात २००५ ला. (हा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. भावाला हक्कसोड पत्र लिहून देणाऱ्या आपल्या बहिणींनी तो जरूर वाचावा.) म्हणजे मंजू घरात धुडगूस घालते ते १९८० मध्ये, तेव्हा त्या घरातल्या मुलीला जन्महक्काचा वाटाच नव्हता. नियम मोडायचे म्हणजे छतावर नाचायचं, एवढीच मुभा.

आणि प्रेम? मंजूचं प्रेम बसतं ते बहिणीच्या दिरावर! एका घरच्या दोन बहिणी, दुसऱ्या घरचे दोन भाऊ. वर्तुळाबाहेर पाऊलच पडत नाही, म्हणून सगळं हसतखेळत पार पडतं. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मर्म जातीअंतर्गत विवाहात दाखवलं आणि ती कुंपणं स्त्रीच्या देहावर कशी उभी राहतात हेही सांगितलं. चित्रपटात कोणी जात उच्चारत नाही. उच्चारायची गरज पडू नये अशीच कथेची मांडणी आहे.

त्याच १९८० च्या सुरुवातीला देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या होत्या. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं, त्याविरुद्धचा तो उठाव होता. १९८३ मध्ये कायदा बदलला तो त्यातून. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर १९७८ मध्ये जळलेल्या वस्त्यांची राखही अजून ताजी होती. हलक्याफुलक्या चित्रपटाने हे सगळं दाखवावं अशी माझी मागणी नाही. मात्र 'मध्यमवर्गीय भारतीय कुटुंब' म्हणून जे घर आपल्याला दाखवलं गेलं, ते कोणाचं होतं, हे विचारायचा हक्क आपला आहे.

सशक्त स्त्री आपल्याकडे पडद्यावरून आलेली नाही. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध, कामगार स्त्रियांना रजा असे ठराव बायकांनी तिथे केले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' मध्ये हा इतिहास आहे. विहारातल्या किती पोरींना सुलोचनाबाई माहीत होत्या? एकीलाही नाही. तो दोष माझ्यासारख्यांचा.

मात्र इथेच थांबलं तर ते सोयीचं होईल. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आलं. त्यात सवर्णांची क्रूरता आहे, तशी आपल्याच घरातली सासू आणि आपलाच नवराही आहे. बेबीताईंनी आपलं लिखाण घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं होतं. गुप्तांची सून घुंगरू लपवते, आपली बेबीताई वही लपवते. गुप्तांच्या घरात शेवटी सासूचं मन बदलतं आणि प्रश्न मिटतो. बेबीताईंना असा शेवट कोणी लिहून दिला नव्हता, त्यांनी पुस्तकच लिहिलं.

त्या रविवारी विहारात चहा मुलींनी केला आणि कपही त्यांनीच विसळले. प्रोजेक्टर मुलांच्या ताब्यात होता. नववीतल्या त्या पोरीनेच हे सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, तेव्हा एक-दोघे हसले, बाकीचे मोबाईलमध्ये बघू लागले. पुढच्या रविवारी चहा मुलं करणार आणि प्रोजेक्टर मुली लावणार असं ठरलंय. दोघांनी आत्ताच निरोप पाठवलाय, त्या दिवशी त्यांना महत्त्वाचं काम आहे.

जय भीम!