छाया, अक्स आणि न चालणारी मोटार

मराठीत फोटोला छायाचित्र म्हणतात. उर्दूत फोटोग्राफीला अक्कासी म्हणतात. छाया म्हणजे सावली, अक्स म्हणजे प्रतिबिंब. एकाच कलेला नाव देताना दोन भाषांनी प्रकाशाची दोन निरनिराळी कामे निवडली आहेत. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे हा फरक मी वर्गात आवर्जून सांगतो. अलीकडे त्यासाठी मला एक नवे उदाहरण सापडले आहे, आणि ते मुलांनीच पुरवले आहे: मोटार शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये काढलेले गाड्यांचे फोटो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शर्यत मध्येच थांबवता येते. गोठलेल्या गाडीभोवती कॅमेरा हवा तसा फिरवता येतो, लेन्स आणि शटरचा वेग निवडता येतो, फोकस कुठे ठेवायचा ते ठरवता येते. याला फोटो मोड म्हणतात. गाडी खरी नाही, रस्ता खरा नाही, कॅमेराही खरा नाही. फोटो मात्र जपून ठेवता येतो. घरातली वडीलधारी मंडळी याला टाइमपास म्हणतात. पण न चालणारी मोटार धावताना दाखवणे हा गिरगाव, दादर आणि परळ या पट्ट्यातला जुना धंदा आहे. त्या धंद्याच्या अडचणी आजच्या मुलांच्याही अडचणी आहेत.

पडदा आधी, गाडी नंतर

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे शहरातल्या पहिल्या पिढीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळी काचेवर प्रतिमा उमटायला काही सेकंद लागत. रस्त्याचा फोटो काढला तर इमारती स्पष्ट येत, पण चालती माणसे आणि बैलगाड्या पुसट होत किंवा गायबच होत. म्हणून माणसांचे फोटो स्टुडिओत, स्थिर बसवून काढले जात. मागे रंगवलेला पडदा असे. त्यावर कधी बाग, कधी महालाचा जिना, कधी समुद्र.

पुढे मोटारी आल्या आणि त्याही पडद्यावर गेल्या. जत्रेतल्या आणि उरुसातल्या फोटोवाल्यांकडे पुठ्ठ्याची किंवा प्लायवूडची मोटार असे. तिच्या मागे बसून हात चाकावर ठेवला की चाळीतला माणूस घटकाभर मोटारवाला होई. असे फोटो अनेक घरांतल्या जुन्या अल्बममध्ये मिळतील. ते पाहून कुणी फसत नाही, कारण गाडीखाली सावली नसते आणि माणसाच्या चेहऱ्यावरचा प्रकाश एका बाजूचा, तर पडद्यावर रंगवलेला सूर्य दुसऱ्या बाजूचा असतो.

ही गोष्ट दादासाहेब फाळके यांना नीट कळत होती. ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि छायाचित्रणाचा व्यवसाय केलेले. दादरला तयार झालेला त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. त्याआधी त्यांनी रोप उगवताना एकेक चौकट टिपून एक छोटी फिल्म केली होती. अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत पडद्यावर आली. वेळ थांबवता येते आणि कॅमेऱ्याच्या सोयीने पुन्हा जोडता येते, हे फाळक्यांनी त्या रोपावर करून पाहिले. फोटो मोडमध्ये शर्यत थांबवणारा मुलगा वेगळे काही करत नाही.

परळची ‘रोल्स रॉइस की बेटी’

मोटारीला सिनेमातले पात्र बनवले ते परळने. जमशेद आणि होमी या वाडिया बंधूंनी १९३३ साली वाडिया मूव्हीटोन सुरू केली. स्टुडिओ होता परळच्या लवजी कॅसल या वाडियांच्या जुन्या हवेलीत. १९३५ च्या ‘हंटरवाली’ने नादिया घराघरांत पोचली. नादियाच्या स्टंटपटांत तिच्या जोडीला घोडा असे, ‘पंजाब का बेटा’, आणि एक ऑस्टिन मोटार असे, ‘रोल्स रॉइस की बेटी’. ऑस्टिनला रोल्स रॉइसची लेक म्हणण्यातली उर्दू गंमत पिटातल्या प्रेक्षकाला लगेच कळत असणार. ज्याला ऑस्टिनही परवडणार नव्हती, असा तो प्रेक्षक होता.

१९४२ साली त्याच जागी व्ही. शांताराम यांचे राजकमल कलामंदिर उभे राहिले. तिकडे दादरला चंदुलाल शहांचा रणजित स्टुडिओ १९२९ पासून चालू होता. बोलपट आल्यानंतर धावत्या मोटारीतले संवाद ही अडचणीची बाब झाली. इंजिनाचा आवाज, हलणारा कॅमेरा, रस्त्यावर जमणारी गर्दी. जगभरच्या स्टुडिओंनी काढलेला उपाय आपल्याकडेही रुळला. मोटार स्टुडिओत उभी करायची. मागे अर्धपारदर्शक पडदा लावायचा. पडद्याच्या पाठीमागून त्यावर आधीच चित्रित केलेला रस्ता प्रोजेक्टरने टाकायचा. दोन माणसे गाडी हलवत राहणार, नायक स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवत गाणार.

आज ती दृश्ये पाहून हसू येते. नेमके कशामुळे, हे शोधण्यासारखे आहे. मागचा रस्ता फिकट आणि दाणेदार असतो. रस्त्यावरून झाडे सरकतात, पण त्यांची सावली नायकाच्या चेहऱ्यावरून सरकत नाही. काचेवर आणि बॉनेटवर रस्त्याचे प्रतिबिंब पडत नाही. म्हणजे रस्ता आणि मोटार यांची ओळखच झालेली नसते. छाया नाही आणि अक्सही नाही.

जपानचा पडदा

‘ग्रान टुरिस्मो’ या जपानी गेमचा पहिला भाग १९९७ साली प्लेस्टेशनवर आला. काझुनोरी यामाउची हे तिचे कर्ते. डिसेंबर २००४ मध्ये जपानात आलेल्या चौथ्या भागात फोटो मोड होता. २०१७ च्या ‘ग्रान टुरिस्मो स्पोर्ट’मध्ये स्केप्स नावाची सोय आली. जगातल्या खऱ्या जागांचे फोटो घ्यायचे, पण प्रत्येक फोटोबरोबर तिथला प्रकाश कुठून आणि किती येतो, कुठली वस्तू किती लांब आहे, याचीही नोंद ठेवायची. मग त्या फोटोत गेममधली गाडी उभी केली की तिची सावली आणि तिच्यावरचे प्रतिबिंब त्या जागेच्या हिशेबाने तयार होते. परळच्या स्टुडिओत मागच्या पडद्याला जे कधी जमले नाही, ते इथे जमले.

तरीही मुलांचे बरेच फोटो पुठ्ठ्याच्या मोटारीसारखे का दिसतात? कारण यंत्राने सावली पाडून दिली, तरी नजर ज्याची त्यालाच ठेवावी लागते. वर्गात मी चार गोष्टी सांगतो.

छाया. आधी टायर आणि रस्ता जिथे टेकतात तिथे पाहावे. तिथली काळी रेघ गाडीला वजन देते. सूर्य थेट डोक्यावर असेल तर गाडीच्या बाजू सपाट दिसतात. सकाळचा किंवा संध्याकाळचा तिरपा प्रकाश घेतला की पत्र्यावरचे प्रत्येक वळण उठून येते.

अक्स. चकचकीत मोटार म्हणजे आरसा असतो. तिचा फोटो काढताना आपण तिचा रंग कमी आणि तिच्यावर पडलेले आभाळ, भिंत, दिवे जास्त टिपत असतो. म्हणून आधी गाडीत काय दिसते ते पाहावे, मग गाडी पाहावी. गाडी वीतभर पुढे सरकवली तरी दारावरची प्रतिबिंबाची रेघ सरळ होते किंवा तुटते. पावसात भिजलेला रस्ता असेल तर खालीही एक आरसा मिळतो.

गती. ताशी ९० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. शटर १/१००० सेकंद ठेवले तर तेवढ्यात ती फक्त अडीच सेंटिमीटर सरकते आणि चाके थिजलेली दिसतात. गाडी धावत नाही, उभी आहे असे वाटते. १/५० ठेवले तर गाडी अर्धा मीटर जाते आणि चाकाचा सुमारे पाव फेरा होतो. कॅमेरा गाडीबरोबर फिरवला की गाडी स्पष्ट राहते, रस्ता आणि चाकाचे आरे पुसट होतात. झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच मुलाने शर्यतीच्या गाडीचा असाच एक फोटो काढला. त्यात चाक लंबगोल होऊन पुढे कलले आहे आणि मागचे प्रेक्षक उलट्या दिशेला. त्याला स्वतःला तो बिघडलेला वाटला. पुढे वेगाचा फोटो म्हटले की जगाला तोच आठवू लागला.

अंतर. अगदी जवळ जाऊन रुंद लेन्सने फोटो काढला की बॉनेट फुगते आणि मागची बाजू आटते. मागे सरकावे, ८५ किंवा १०० मिलिमीटरची लेन्स घ्यावी, कॅमेरा हेडलाइटच्या उंचीला आणावा. आणि मागचे सगळे धूसर करण्याचा मोह आवरावा. छोटी वस्तू जवळून टिपली तरच इतकी धूसरता येते, हे आपल्या डोळ्यांना माहीत असते. म्हणून पुढचा दिवा स्पष्ट आणि मागचे दार धूसर झाले की करोडोंची गाडी खेळण्यातली दिसू लागते.

खाली उभी असलेली गाडी

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील काळी-पिवळी पद्मिनी चालवत. त्याच्या फोनमध्ये परदेशी गाड्यांचे शेकडो फोटो आहेत, त्यातले काही खरोखर उत्तम आहेत. वडिलांच्या टॅक्सीचा मात्र घरात एकच फोटो मिळाला. त्यातही बोनटापुढे पाहुणे उभे आहेत आणि टॅक्सीचा फक्त एक दिवा दिसतो.

फियाटची ती गाडी १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनू लागली. पद्मिनी हे नाव तिला नंतर मिळाले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती शहराच्या रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी फोटो छापले. पण लालबागच्या पुलाखाली पावसात उभी असलेली, टपावर सामानाचा कॅरिअर बांधलेली, तिच्या काळ्या पत्र्यावर हारवाल्याचा दिवा पडलेला, असा फोटो शेजारच्या मुलानेच काढायला हवा होता. ती जागा, ती वेळ त्यालाच ठाऊक होती.

मी मुलांना गेम सोडायला सांगत नाही. तिथे फिल्मचा खर्च नाही, चूक झाली तर पुन्हा काढता येते, आणि शटर, लेन्स, प्रकाश यांचा अभ्यास फुकट होतो. आमच्या पिढीत रोल वाया जाईल म्हणून मुलाच्या हातात कॅमेराच देत नसत. मी एवढेच सांगतो की आठवड्यातून एकदा संध्याकाळी खाली उतरा. उभ्या टेम्पोच्या, टॅक्सीच्या, पाण्याच्या टँकरच्या टायरखाली सावली कशी पडते ते पाहा. दुकानाचा दिवा लागल्यावर दारावरचा अक्स कसा बदलतो ते पाहा. फोनने दोन फोटो काढा आणि मालकाचे नाव, जागा, तारीख लिहून ठेवा. मग वर जाऊन गेममधली गाडी पुन्हा उभी करा.

त्या विद्यार्थ्याने हे केले. त्याच्या गेममधल्या गाड्या आता जमिनीवर टेकलेल्या दिसतात. आणि फोनमध्ये त्याच्या गल्लीतल्या अकरा गाड्या जमा झाल्या आहेत, मालकांच्या नावांसकट. त्यांतल्या दोन गेल्या महिन्यात भंगारात गेल्या.