तळटीप १ : थोरो आणि वॉल्डन

१. हेन्री डेव्हिड थोरो (१८१७–१८६२) : अमेरिकेतील रोमँटिक लेखक, एमर्सनचा स्नेही. एमर्सनच्या ‘नेचर’पासून (१८३६) या रोमँटिक लेखकांनी रूढ धर्म आणि बाजारी व्यवहार यांपेक्षा माणसाची अंतःप्रेरणा व निसर्ग यांना मोठे मानले. थोरो ४ जुलै १८४५ रोजी वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. झोपडीला २८ डॉलर साडेबारा सेंट लागले. खिळे-चुन्यासकट तो हिशेब त्याने ‘वॉल्डन’मध्ये (१८५४) मांडला. दुर्गा भागवतांनी हे पुस्तक ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणले. लेखक गडचिरोलीच्या जंगलाला ‘आपले वॉल्डन’ म्हणतात, ते अर्धेच पटते. थोरोचे रान एकांताचे, तेही एमर्सनच्या मालकीचे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथील गोंडांचे रान मोहफुले वेचण्याचे, बांबू तोडण्याचे, ग्रामसभेत सर्वसहमतीने राखण्याचे. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर नाकारून एक रात्र तुरुंगात काढणारा थोरो मात्र या गावाला खरा जवळचा. मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला; बांबूच्या वाहतुकीचे पासबुक ग्रामसभेच्या हाती एप्रिल २०११ मध्ये आले.