विवेकनिष्ठ मानसोपचार : मराठीतील प्रवेश आणि नाशिकचा रुग्ण

बोधात्मक वर्तनोपचार ह्या नावाने आज ओळखली जाणारी मानसोपचारपद्धती महाराष्ट्रात कोणत्या मार्गाने आली, तिने मराठीत कोणते शब्द रूढ केले, आणि नाशिकसारख्या शहरात तिचा आश्रय शोधणाऱ्या माणसास ह्या इतिहासातून काय घेण्यासारखे आहे, ह्याचा संक्षिप्त विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. वैद्यकाचा हा विषय भाषाभ्यासकाच्या कक्षेत येतो, त्याचे कारण उघड आहे. ह्या पद्धतीत औषध नाही, यंत्र नाही. रुग्ण स्वतःशी जे वाक्य बोलतो, तेच तपासावयाचे द्रव्य आणि तेच उपचाराचे साधन होय.

ही पद्धती येण्यापूर्वीची स्थिती प्रथम पाहिली पाहिजे. ठाणे येथील मनोरुग्णालय १९०१ मध्ये स्थापन झाले. येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील रुग्णालये धरून राज्यात अशी चार मोठी शासकीय रुग्णालये झाली. त्यांतील एकही नाशिकला नव्हते. त्यामुळे मनाचा आजार म्हणजे गाव सोडून दूरच्या भिंतींआड जाणे, हे समीकरण दृढ झाले. ‘ह्याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला भरती करा’ हे वाक्प्रचार थट्टेत शिरले, आणि ज्याला केवळ झोप येत नाही वा सतत धास्ती वाटते, तोही आपले दुःख बोलून दाखविण्यास कचरू लागला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी ह्यांनी १९३८ मध्ये मनोविकारांसाठी चिकित्सालय सुरू केले, तेव्हा सर्वसाधारण रुग्णालयातच हा उपचार मिळू शकतो हे प्रत्ययास आले. परंतु मुंबईबाहेर ही सोय पोहोचावयास पुष्कळ काळ जावा लागला.

पद्धतीचा उगम अमेरिकेतील आहे. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) ह्यांनी मनोविश्लेषणाचा मार्ग सोडून १९५५ च्या सुमारास आपली स्वतंत्र पद्धती मांडली. माणसास घटना अस्वस्थ करीत नाहीत, घटनांविषयीची त्याची मते अस्वस्थ करतात, ह्या एपिक्टेटस ह्या प्राचीन तत्त्वज्ञाच्या विचाराचे ऋण त्यांनी मान्य केले होते. फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ एरन बेक (१९२१–२०२१) हेही मनोविश्लेषणातूनच आले. विषण्ण रुग्णांच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी निराशेचे विचार आपोआप उमटत असतात, असे त्यांना १९६० नंतरच्या दशकात आढळले. १९७९ मध्ये विषण्णतेच्या उपचारावरील त्यांचा सहलेखकांसह लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. भीतीच्या प्रसंगास क्रमाक्रमाने सामोरे जाण्याचे वर्तनोपचाराचे तंत्र जोसेफ वोल्पे ह्यांच्या १९५८ च्या ग्रंथाने प्रतिष्ठित केले होते. विचारांची तपासणी व वर्तनाचा सराव हे दोन प्रवाह पुढे एकत्र आले, तोच बोधात्मक वर्तनोपचार.

त्याची रीत एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा कामगार सकाळी कारखान्यात शिरतो. समोरून आलेले साहेब न बोलता निघून जातात. कामगाराच्या छातीत धडधड सुरू होते, आणि दुपारी तो प्रकृतीचे निमित्त सांगून घरी जातो. साहेब बोलले नाहीत ही घटना. धडधड व घरी जाणे हा परिणाम. घटनेमुळेच परिणाम झाला असे त्याला वाटते. परंतु ह्या दोहोंमध्ये एक वाक्य दडलेले असते : ‘आता माझी नोकरी गेली.’ उपचारक त्या वाक्यावर बोट ठेवतो. त्यास आधार कोणता, विरुद्ध पुरावा कोणता, ह्याच प्रसंगाचा दुसरा अर्थ संभवतो काय, असे तो विचारतो. नंतर रुग्ण आठवडाभर अशा प्रसंगांची वही ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांशी आपण होऊन बोलण्याचा लहानसा प्रयोगही करून पाहतो. अशा साधारणतः ६ ते २० बैठका होतात. ‘सर्व ठीक होईल’ अशी समजूत घालणे हा येथे उद्देश नसतो. नोकरी खरोखरच धोक्यात असेल, तर तीही गोष्ट तपासणीत निष्पन्न होते, आणि मग विचार उपायाचा करावयाचा असतो.

महाराष्ट्रात ह्या विचाराचे बीज पत्रव्यवहारातून रुजले. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके ह्यांनी १९६८ मध्ये एलिस ह्यांच्याशी पत्रव्यवहार आरंभिला. तो पुढे अनेक दशके चालला. त्यांनी ही पद्धती येथे शिकविली व मराठी वाचकांपर्यंत नेली. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी ठाणे येथे मानसिक आरोग्याच्या कार्यासाठी संस्था स्थापन केली. त्यांच्या ‘स्वभाव-विभाव’ ह्या पुस्तकाने एलिस ह्यांचा विचार घरोघरच्या भाषेत आणला. पुढे अंजली जोशी ह्यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी प्रसिद्ध झाली. ठाण्याच्या ह्या संस्थेचे कार्य कालांतराने नाशिकपर्यंतही पोहोचले. ज्या गावाचे नाव मराठी बोलीत मनोरुग्णाच्या हेटाळणीसाठी वापरले गेले, त्याच गावातून मनाच्या आरोग्याविषयी संकोच न करता बोलण्याची भाषा मराठीस मिळावी, हा योगायोग नोंद घेण्यासारखा आहे.

आता शब्दांकडे वळू. एलिस ह्यांच्या पद्धतीच्या नावातील ‘रॅशनल’ ह्या पदास मराठीत ‘बुद्धिनिष्ठ’ हा पर्याय सिद्धच होता. परंतु त्यास धर्मविषयक वादांचा वास चिकटलेला होता. रूढ झाला तो ‘विवेकनिष्ठ’. ‘विवेक’ म्हणजे निवड करण्याची शक्ती. संतवाङ्मयाने हा शब्द पिढ्यान्पिढ्या मराठी मनात मुरविला आहे. नाशिकजवळच्या टाकळी येथे समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली अशी परंपरा आहे. त्यांच्या मनाच्या श्लोकांत तर माणूस आपल्याच मनास समोर बसवून बोलतो. स्वतःच्या मनाशी संवाद ही कल्पना म्हणूनच नाशिककरास परकी नाही. तथापि ह्या साम्यावरून आधुनिक उपचाराचे मूळ संतवाङ्मयात शोधणे सयुक्तिक होणार नाही. श्लोक मनास उपदेश करतात. उपचारक मनास प्रश्न विचारतो, आणि उत्तर पुराव्यावर सोडतो.

शब्दांहून व्याकरणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. उपचाराची पहिली पायरी विचार व भावना वेगळ्या ओळखण्याची. मराठीत ‘वाटणे’ हे एकच क्रियापद दोन्ही कामे करते. ‘मला भीती वाटते’ ही भावना. ‘मला वाटते, ते माझ्यावर रागावले आहेत’ हा विचार. ‘तुम्हाला काय वाटले?’ ह्या प्रश्नास रुग्ण कोणतेही उत्तर देऊ शकतो, आणि ते चुकीचे नसते. म्हणून मराठीतून उपचार करणारास ‘मनात कोणते वाक्य आले?’ आणि ‘त्या वेळी कसे वाटले?’ असे दोन निराळे प्रश्न करावे लागतात. शिवाय राग ‘येतो’, भीती ‘वाटते’, रडू ‘कोसळते’. वाक्याचा कर्ता भावना असते आणि माणूस चतुर्थीत उभा राहतो. आपल्या भावनेत आपलाही काही वाटा आहे, हे अशा भाषेत ध्यानी आणून देण्यास विशेष श्रम पडतात.

उलटपक्षी, एका बाबतीत मराठी उपचारकास अनुकूल आहे. एलिस ह्यांच्या मते दुःखाचे मूळ इच्छेत नसून हट्टात असते. ‘मला यश मिळावे’ ही इच्छा. ‘मला यश मिळालेच पाहिजे’ हा हट्ट. इंग्रजीत ज्यासाठी सबंध क्रियारूप बदलते, ते मराठीत ‘च’ हे एक अक्षर करते. आपल्या वहीतील ‘च’कारांखाली रेघ ओढा, एवढे सांगितले तरी रुग्णास आपला हट्ट डोळ्यांनी दिसू शकतो.

नाशिकमध्ये असा उपचारक शोधणाराने तीन व्यवसायांतील भेद जाणून घ्यावा. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्य असतो व औषध देऊ शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या अधिनियमानुसार भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. ‘समुपदेशक’ हे नाव मात्र निरनिराळ्या शिक्षणाची माणसे लावतात. म्हणून त्यांचे शिक्षण विचारण्यात गैर काही नाही. ह्या पद्धतीचे प्रशिक्षण कोठे घेतले, बैठकांची दिशा कशी ठरते, घरी करावयाचा अभ्यास देता काय, हे प्रश्न पहिल्याच भेटीत करावेत. आजार तीव्र असेल तर औषधाचीही जोड लागते. प्रारंभी कोणाशी बोलावे हेच कळत नसेल, तर १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ ह्या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

ह्या सर्व प्रश्नांत आणखी एकाची भर घातली पाहिजे : उपचारक कोणत्या भाषेत ऐकून घेतो? सटाणा-मालेगावकडील माणसाच्या मनातील वाक्य अहिराणीत उमटते, सुरगाणा-पेठकडील माणसाचे कोकणा बोलीत. त्याने ते प्रमाण मराठीत आणि उपचारकाने इंग्रजी संज्ञेत रूपांतरित केले, तर तपासणीस येईपर्यंत मूळ वाक्यच हरवलेले असते. मराठीने ह्या उपचारास नाव व परिभाषा दिली, हे कार्य अल्प नव्हे. नाशिक जिल्ह्यातील बोलींतून त्याच तपासणीचे साधे प्रश्न सिद्ध करणे हे कार्य त्यापुढचे असून ते मानसशास्त्रज्ञ व भाषाभ्यासक ह्यांनी मिळून करावयाचे आहे.