धरण तेच, वर्ग नवा

धरणाच्या नोंदीत 'हाय हॅझर्ड' असं लिहिलेलं दिसलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? तडे गेलेला भराव, पाझरणारं पाणी? इथेच फसायला होतं. अमेरिकेतल्या नोंदींत हा शब्द धरणाच्या तब्येतीबद्दल काहीच सांगत नाही. धरण फुटलं तर खाली माणसं मरण्याची शक्यता आहे, एवढाच त्याचा अर्थ. ठणठणीत धरण 'हाय' असू शकतं आणि मोडकळीला आलेलं 'लो'. जुन्या कागदांत याच वर्गांना ए, बी, सी म्हटलेलं सापडेल.

याचा इतिहास ओक्लाहोमातल्या वॉशिटा नदीच्या खोऱ्यात नीट दिसतो. कॉर्डेल गावाजवळच्या क्लाउड क्रीक या ओढ्यावर १९४८ साली मृदसंधारण खात्याचं अशा प्रकारचं पहिलं छोटं मातीचं धरण झालं. १९५४ च्या कायद्यानंतर ही पद्धत देशभर पसरली आणि अशी ११ हजारांहून जास्त धरणं उभी राहिली. काम साधं: पुराचं पाणी अडवायचं, पाइपातून हळूहळू सोडायचं आणि फारच आलं तर बाजूच्या गवताळ सांडव्यावरून जाऊ द्यायचं.

आता हा सांडवा किती मोठा, हे वर्गावर ठरायचं. खाली नुसती शेतं असली तर लहान चालायचा. धरण गेलंच तर पीक जाईल, कुंपण जाईल. वस्ती असली तर मात्र जास्तीत जास्त संभाव्य पावसाचा हिशेब धरावा लागायचा. बहुतेक धरणं शेतीच्या मुलखात, म्हणून ती खालच्या वर्गात बसली. त्या वेळी यात गैर काहीच नव्हतं.

पण धरणांनी काम चोख केलं! दर पावसात बुडणारी ओढ्याकाठची जमीन कोरडी राहायला लागली आणि शहरं पसरली तशी तिथे घरं आली. खाली कोणी काय बांधावं, यावर धरण सांभाळणाऱ्या स्थानिक मंडळाचा सहसा अधिकार नसे. घरं आली, वर्ग चढला. भरावातलं ढेकूळही हललं नाही, तरी सांडवा अपुरा ठरला. अभियंते याला 'हॅझर्ड क्रीप' म्हणतात. २००० च्या कायद्याने दुरुस्तीचा ६५ टक्के खर्च केंद्र सरकारने उचलायचं ठरवलं, उरलेला स्थानिक मंडळांवर. प्लॉट विकून मोकळा झालेला माणूस या हिशेबात कुठेच नाही.

ही भीती कागदी नव्हती. १९७२ च्या कायद्याने देशभर तपासणी सांगितली, पण तिला पैसेच मिळाले नाहीत. ६ नोव्हेंबर १९७७ ला जॉर्जियात टोकोआ इथलं केली बार्न्स हे मातीचं धरण फुटलं आणि खालच्या कॉलेजच्या आवारात ३९ जण गेले. (ते पूरनियंत्रणाचं नव्हतं, तेवढं ध्यानात ठेवा.) मग सुमारे ९ हजार 'हाय हॅझर्ड' धरणं तपासली गेली. जवळपास एक तृतीयांश असुरक्षित निघाली, आणि त्यांतला सर्वांत मोठा दोष होता अपुरा सांडवा.

म्हणून अशा तक्त्यावर काम करणार असाल तर धरण कधी बांधलं आणि वर्ग कधी ठरवला, ही दोन सालं वेगवेगळी टिपा. मधल्या काळातले खालच्या भागाचे नकाशे आणि हवाई छायाचित्रं शेजारी ठेवा. स्थितीचा रकाना वेगळा असतो, तोही बघा. आणि आपल्याकडच्या धरणांशी तुलना करायचा मोह झाला, तर भारतीय मानक ११२२३ आधी वाचा. त्यातलं 'लहान, मध्यम, मोठं' हे साठा आणि पाण्याच्या उंचीवरून ठरतं. 'लहान' आणि 'लो' एकाच रकान्यात भरू नका.