बरगडी हरवलेले कटलेट

१/ रेल्वेच्या नाश्त्यात ब्रेडसोबत मिळणारे कटलेट ठाऊक नाही असा परभणीकर प्रवासी विरळाच. बटाटा, गाजर, बीट आणि वर ब्रेडच्या चुऱ्याचा थर. मूळ फ्रेंच शब्द ‘कोत्लेत’, अर्थ ‘लहान बरगडी’. बटाट्यात बरगडी कुठून आली? हाच शब्द जपानात ‘कात्सुरेत्सु’ झाला आणि त्यातून डुकराच्या मांसाचा ‘तोनकात्सु’ जन्मला. एका शब्दाच्या या दोन वाटांविषयी आजचा थ्रेड.

२/ इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मु यांनी गुरे, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास वर्षातील ठरावीक महिन्यांत मनाई केली. यादीत रानडुक्कर नव्हते. तरीही बौद्ध प्रभावामुळे पुढील शतकांत चतुष्पादांचे मांस एकंदरीतच अप्रशस्त मानले गेले. (म्हणून जपान ‘शाकाहारी’ होता असे मात्र नव्हे. मासे होतेच, आणि औषधाच्या नावाखाली मांसही खाल्ले जाई.)

३/ मेइजी राजवटीला पाश्चात्त्यांच्या बरोबरीचे राष्ट्र घडवायचे होते आणि त्यात आहारही आला. जानेवारी १८७२ मध्ये सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात मांसाहाराने देश भ्रष्ट होत आहे असे मानणारे काही तपस्वी राजवाड्यात घुसले; त्यांतील काही पहारेकऱ्यांच्या हातून मारले गेले. ताटातील एका पदार्थासाठी माणसे मेली, हे विसरून तोनकात्सुचा इतिहास सांगता येत नाही.

४/ १८९५ मध्ये टोकियोच्या गिन्झा भागात ‘रेंगातेइ’ हे पाश्चात्त्य खाद्यपदार्थांचे उपाहारगृह सुरू झाले. फ्रेंच पद्धतीत कटलेट लोण्यात परतले जाई. येथे डुकराच्या मांसाचा काप तेम्पुरासारखा भरपूर तेलात तळला जाऊ लागला. रुसो-जपानी युद्धात (१९०४-०५) तरुण आचारी सैन्यात गेले. शिजवलेल्या भाज्यांना हात उरले नाहीत, म्हणून कोबी चिरून कच्चाच वाढला, असे सांगितले जाते. तो कोबी आजही ताटात आहे.

५/ ‘तोन’ म्हणजे डुक्कर. या नावाने जाड काप विकण्याचे श्रेय सहसा उएनो भागातील ‘पोन्चिकेन’ला, १९२९ सालासाठी, दिले जाते, दावेदार इतरही आहेत. काप आधीच पट्ट्यांत कापून येतो, कारण खायचे चॉपस्टिक्सने; सोबत भात आणि मिसो सूप. साहेबी जेवण अशा रीतीने गल्लीतले झाले. मेगुरोमधील ‘तोन्की’ १९३९ पासून असेच चालत आले आहे: लांब लाकडी काउंटर, समोर उघडे स्वयंपाकघर, मोजकेच पदार्थ.

६/ आता मुंबई. येथे ब्रिटिशांच्या मेजावरून कटलेट पारशी घरांत आणि इराणी हॉटेलांत पोहोचले. धोबीतलावजवळचे ‘कयानी’ १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधील ‘ब्रिटानिया’ १९२३ चे. पारशी कटलेट म्हणजे मटणाचा खिमा, ब्रेडचा चुरा आणि फेटलेल्या अंड्याची जाळी.

७/ काप जाऊन खिमा का आला? माझे अनुमान असे: जपानात निषेध वरून, राज्यसत्तेने मोडला. भारतात तसे कोणी करणे शक्य नव्हते. इराण्याच्या संगमरवरी टेबलाशी सर्व जातिधर्मांचे लोक बसत. गोमांस ठेवले तर हिंदू दुरावणार, डुकराचे ठेवले तर मुसलमान. मटण हा सर्वांत कमी भांडणाचा मार्ग होता, आणि रेल्वेने त्याहीपुढे जाऊन बटाटा निवडला. निषेध मोडण्याऐवजी आपण पदार्थच बदलला. मला हे कमी कल्पक वाटत नाही. (गोव्याच्या ख्रिस्ती घरांत डुकराच्या मांसाची परंपरा अर्थातच वेगळी आणि फार जुनी आहे.)

८/ बरगडी मात्र दोन्हीकडे हरवली. जपानी भाषेत ‘कात्सु’चा उच्चार ‘जिंकणे’ या क्रियापदाशी जुळतो. त्यामुळे तिथले विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या दिवशी भातावर कात्सु घेऊन बसतात. आपल्याकडे ‘कटलेट’ला असा कोणताच अर्थ चिकटला नाही. फलाटावर तो फक्त ब्रेडसोबत येतो, सॉसच्या पुडीसह.